मालनच्या हातची ओटी

“मालनताई, राग मानू नका, पण ओटी तुम्ही नका भरू,” माझ्या विहीणबाई मीनाक्षीताई मला स्वयंपाकघराच्या दारात गाठून हळूच म्हणाल्या.

प्रभादेवीचं त्यांचं घर बायकांनी भरलेलं. बाहेर माझी आकांक्षा हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसलेली. सातवा महिना, डोहाळजेवण. माझ्या हातात ताट, त्यात खण, नारळ, तांदूळ. मला काही कळेचना.

“का? आई आहे मी तिची.”

“म्हणूनच तर. तुमच्या तिथे त्या गाभण उंदरिणींची पोटं फाडतात ना? आणि त्याच हातांनी... मनात उगाच पाल चुकचुकते हो.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. परळच्या एका संशोधन संस्थेत मी पांढरे उंदीर सांभाळते. भुसा बदलते, पाणी भरते, माद्यांना नरापाशी ठेवते. पोट फाडायचं काम माझं नव्हे. पण गाभण उंदरीण प्रयोग करणाऱ्या मॅडमच्या हातात मीच देते, हे खोटं कसं म्हणू? तिला गुंगी देतात, मग ती परत उठत नाही. एकदा मॅडमनी मला तिच्या पोटातली पिल्लं दाखवली होती. माळेत ओवल्यासारखी ओळीने बसलेली, वाटाण्याएवढी. कोणाचा कणा नीट मिटलाय, कोणाचा उघडा राहिलाय, ते भिंगातून बघतात. त्या दिवशी मला डबा गेला नव्हता.

तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. लेकीच्या आनंदावर विरजण कोण घालणार? ताट ओट्यावर ठेवलं आणि पाणी पिण्याचं निमित्त करून आतच थांबले.

एकेक बाई ओटी भरून उठली. मग आकांक्षाचा आवाज आला, “आई कुठेय? तिने ओटी भरल्याशिवाय मी उठणार नाय हां.”

मीनाक्षीताई तिच्या कानाशी लागल्या. झालं! पोरीचं नाक माझ्यासारखं, रागही माझ्यासारखाच. सगळ्यांदेखत सासूला म्हणाली,

“मम्मी, मला फिट येतात हे लग्नाआधी सांगितलेलं ना आम्ही? दिवस जायच्या आधी डॉक्टरांनी माझी गोळी का बदलली? जुन्या गोळीने बाळाचा कणा उघडा राहू शकतो, म्हणून. असलं सगळं आधी कुणाच्या पोटात बघतात? आईकडे असतात तसल्याच उंदरिणींच्या! सोनोग्राफी नॉर्मल आली, तेव्हा देवापुढे पेढे तुम्हीच ठेवलेत ना?”

अगं बाई, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीनाक्षीताई उठल्या, आत आल्या, ओट्यावरचं ताट उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं.

“चला, भरा,” एवढंच म्हणाल्या.

तांदूळ थोडे पदरात पडले, थोडे पाटावर. पोरगी रडत होती आणि हसतही होती. फुलांची वेणी कपाळावर आलेली, ती मी सारखी केली.

निघताना मी चपला घालत होते, तर मीनाक्षीताई जिन्यापर्यंत आल्या. हातात कागदाची पुडी.

“थोडे तांदूळ आहेत, हळदकुंकू आहे. तुमच्या तिथल्या... त्यांच्यासाठी. चालेल ना?”

आत बाहेरचं काहीही न्यायला बंदी आहे, नुसत्या वासानेसुद्धा त्या बिथरतात. पण हे त्या माउलीला कुठल्या तोंडाने सांगू? इतकं भरून आलं मला.

“पोचवते,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुडी बाहेर कपाटात ठेवली. हात धुतले, गाऊन घातला, टोपी, मास्क, हातमोजे. त्या दिवशी जिचा नंबर होता ती चांगली जडावलेली होती. तळहातावर घेतली तर तिची ऊब हातमोज्यातून लागत होती. मॅडमनी हात पुढे केला.

“मॅडम, एक मिनिट हां.”

मी तिला तोंडाजवळ धरलं. “गे बाय,” म्हटलं, “माझ्या लेकीच्या सासूने तुला ओटी धाडलीय. माझ्या लेकीचं बाळ चांगलं हाय. तुमचे लय उपकार झाले गे.”

ती मिशा हलवत माझा अंगठा हुंगत राहिली. मग मी तिला मॅडमच्या हातात दिलं.