रुपालीच्या जिभेवर घातलेला आळ

सासरा गंगाराम होडी घेऊन निघाला की बकुळा सुनेवर ओरडायची, "रुपाली, आत हो! तोंड उघडू नको!" रुपाली निमूट मागच्या पडवीत जाऊन बसायची. वर्षभर हेच. कारण काय, तर वर्षापूर्वी एका सकाळी ती नवऱ्याला, भावेशला, म्हणाली होती, "वारा फिरलाय, आज नको जाऊ." भावेश होडी घेऊन गेला, वादळात सापडला, तो परत आलाच नाही. मग पाखाडीतल्या सगळ्या घरांनी ठरवलं, हिची जीभ काळी! हळदीकुंकू तर सुटलंच, बंदरावर तिच्या शेजारी कोणी टोपलीसुद्धा ठेवेना.

बकुळेची लेक दिशा कॉलेजात. चित्रकथांच्या चाहत्यांनी मोबाइलवर एक विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचा माहितीकोश, चालवला होता. कुठल्या पात्राच्या अंगात कुठली अचाट शक्ती, ते ती तिथे लिहायची.

"काय गो, खरडतेस काय? बांगडे कोण साफ करील, तुझा तो उडणारा बाप्या?"

"थांब आई. चित्रकथेतली ही बाई 'वादळ येतंय' म्हणाली नि ते आलं, तर कोणीतरी लिहिलंय, ही वादळ आणते. साफ खोटं! मी खोडलं."

"ती बोलली नि वादळ आलं ना? मग आणलंच की!"

"तिला ते आधी कळतं, एवढंच. शक्तीचं नाव चुकलं की सावध करणारी खुनी ठरते. पुराव्याशिवाय आम्ही कागदावरच्या बाईवरपण आळ घालू देत नाही. तू तर जित्या बाईवर घातलास!"

बकुळेने विळी बाजूला सारली.

"वहिनीने वारा आणला, की ओळखला?" दिशाचा आवाज फाटला. "आणि 'होडीत बर्फ भरलाय, फुकट जाईल, बायकोचं काय ऐकतोस' असं दादाला कोण म्हणालं?"

अरे देवा! बकुळाच म्हणाली होती!

ती धडपडत पडवीत गेली. "पोरी, तुझी जीभ नाही गो काळी. माझेच कान फुटले होते. उद्या बंदरावर माझ्या शेजारी उभी राहा. वारा कसा, ते तूच सांग."

"आई, तेव्हा तुम्ही हसलात, म्हणून मी गप्प बसले," रुपाली पुटपुटली. "अजून जोरात ओरडायला हवं होतं मी."

बकुळेने तिला पोटाशी धरलं. दोघी भावेशच्या नावाने रडल्या.

सकाळी बंदरावर गंगाराम होडीचा दोर सोडत होता. रुपालीने आभाळाकडे पाहिलं. ओठ हलले, शब्द फुटेना.

"थांबा!" बकुळा साऱ्या बंदराला ऐकू जाईल अशी गरजली. "माझी सून बोलेपर्यंत होडी हलणार नाही!"

माणसांनो, संकट सांगणाऱ्यावर संकटाचा आळ घालू नका. बाईचं तोंड बंद करायला एक टोमणा पुरतो. ते पुन्हा उघडायचं तर साऱ्या बंदरासमोर होडी थांबवून तिच्या शब्दाची वाट बघावी लागते.