बयाकाकीचा शब्द

शिवथरच्या खोऱ्यात भातगिरणी सोसायटी निघाली, तेव्हा महिपती तिचा सेक्रेटरी झाला, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. शेडला जागाही त्यानंच दिली, तीही चांगली पिकती खाचरं. आता तिथं डिझेलचं इंजिन नुसतं बसून होतं. शिमग्यापर्यंत काम दिसलं नाही तर यंत्र दुसऱ्या गावाला देऊ, असं जिल्ह्याचे साहेब सांगून गेले होते. यंत्र गेलं की खाचरं परत मिळणार होती, पण त्यांवर कोबा झाला होता. कोब्यात भात उगवत नाही.

चेअरमन रावजीभाऊ अर्धं आयुष्य मुंबईच्या कापडगिरणीत काढून आलेले. त्यांचं निदान तयार होतं. "आपली पब्लिसिटी नाय. मुंबईत दंतमंजनवाला बी गाडी फिरवतो."

मग महाडला हँडबिलं छापली. बायकांनी त्यांत मिठाच्या पुड्या बांधल्या. बिरवाडीच्या नाक्यावर रंगवलेला बोर्ड लावला; तो ज्यांना वाचता येत होता त्यांच्याकडे भात नव्हतं आणि भात होतं त्यांना वाचता येत नव्हतं. शेवटी भाड्याच्या जीपला भोंगा बांधून रावजीभाऊ स्वतः वाडीवाडीतून ओरडत फिरले, "भात घरात ठेवू नका, सोसायटीत आणा."

झालं. सरकारी लेव्हीच्या सालांत अशीच जीप यायची आणि असंच सांगून घरातलं धान्य उचलून न्यायची. ते दिवस संपून फार वर्षं झाली नव्हती. दिवस कलायच्या आत खोऱ्यातलं निम्मं भात रानात नि गवताच्या गंजीत गेलं. महिपती दारोदार फिरला, तर भरल्या कणगीला पाठ लावून माणसं सांगत, "भात कुठलं रे? उंदरांनी खाल्लं." खुद्द त्याच्या बायकोनं, ठकूबाईनं, दोन पोती गोठ्यात पेंढ्याखाली ढकलली होती.

"मला काय ठाव, जीप तुमचीच हाय ते," ती म्हणाली.

महिपती मटकन पायरीवर बसला. त्याला रागही येईना, इतका तो दमला होता.

ठकूबाईनं पाण्याचा तांब्या दिला आणि सहज म्हणाली, "भोंग्याचं कोण ऐकतंय? तांदळाचं सगळी बयाकाकीला इचारतात."

हे महिपतीला ठाऊक नव्हतं असं नाही. बयाबाई विधवा. घरोघरी भात कांडायची आणि कांडणावळीच्या तांदळावर जगायची. लग्नाला कुणाचा तांदूळ घ्यायचा, कुणाचा ओला, कुणाचा फुटतो, ती सांगेल तो शेवटचा शब्द. तिच्याकडे जायची वाट त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होती. लाज वाटत होती म्हणूनच तो हँडबिलांच्या मागं लागला होता.

तरी गेला. बयाबाई उखळाशीच होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं मुसळ थांबवलं नाही.

"माज्या पोटावर माज्याच तोंडानं पाय द्यायला सांगतोस. कळतंय ना तुला?"

"कळतंय, काकी. सोसायटीत तुला पाखडायचं काम देईन. माझा शब्द."

"गिरणीचं तांदूळ चांगलं निघालं तर चांगलं म्हणेन. खोटं बोलायची नाय, तुज्यासाठी नाय नि माज्यासाठी बी नाय."

दुसऱ्या दिवशी तिनं कांडणावळीत तांदळाऐवजी भात मागून घेतलं आणि टोपलीतून गिरणीवर आणलं. निघालेला तांदूळ तळहातावर घेतला, दाताखाली धरला, घरी नेऊन शिजवला. मग ज्या ज्या घरी कांडायला गेली तिथं म्हणाली, "कणी कमी पडते. न्या तिकडं."

एवढंच. आठवड्यात शेडपुढं पोत्यांची रांग लागली. रानातलं भात परत आलं, गंजीतलं आलं. शिमग्याआधी साहेब आले, रांग बघून खूश झाले आणि भोंग्याची युक्ती इतर गावांतही करावी असं म्हणाले. रावजीभाऊ लाजले, पण नाही म्हणाले नाहीत.

महिपतीनं पाखडणाऱ्या बाईचा विषय काढला. "गिरणीच्या हलरला पाखडायची गरजच काय? पंखा हाय त्याला," रावजीभाऊ म्हणाले. साहेबांनीही मान डोलावली. महिपती पुन्हा बोलला, मग रांगेतली पोती मोजायला गेला.

शिमगा झाला. एका दुपारी त्यानं घरच्या तांदळाची पायली भरली आणि बयाबाईकडे गेला. ती ओटीवर नुसतीच बसली होती. हात मांडीवर पालथे ठेवलेले. त्या हातांना रिकामं बसलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"ये रे. चाललीय ना गिरणी?"

"चाललीय."

त्यानं पायली पुढं सरकवली. तिनं तांदूळ चिमटीत घेऊन पाहिला. "चांगला हाय. कशाचा ह्यो?"

"तुजाच, काकी. ठेव."

"मी तुजं काय कांडलं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. तिनं चिमटीतले दाणे परत पायलीत टाकले, पायली त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "कांडल्याबिगर मी कुनाचं घेतलं नाय रे. ने घरी."

तो पायली उचलून घरी आला.