फाटकामागची जागा

मी एक जुने लोखंडी फाटक आहे. मित्रांनो, असे म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. तुम्ही माझे मित्रबित्र कुणी नाही. माझ्या गजांना लोंबकळून बिजागऱ्या खिळखिळ्या करणारे तुम्हीच.

गोऱ्या साहेबांच्या राज्यात हे कब्रस्तान झाले. मला बसवण्याआधीच तापाची साथ आली आणि पहिली कबर घाईघाईत अगदी तोंडाशी खणली गेली. मग माझी कवाडे आत उघडेनात. लोहाराने मला उलटे बसवले, तेव्हापासून मी बाहेर उघडते. चूक साहेबांची, म्हणून तिला कोणी चूक म्हटले नाही.

आत जागा फक्त साहेबांच्या माणसांना. कबरी खणणाऱ्याची तान्ही मुलगी त्याच तापाने गेली, तेव्हा पाद्री म्हणाला, "आत नाही." बापाने तिला बाहेर, भिंतीला लागून पुरले, माझे डावे कवाड उघडल्यावर जिथे टेकते, बरोबर त्या कवाडामागे. उघड्या दारामागे कोणी पाय ठेवत नाही, हे त्याला ठाऊक होते. त्याच्या घराण्याने ते कवाड पुन्हा कधी लावले नाही.

आता त्याची म्हातारी नात माझी राखण करते. साऱ्या गावात मला सहन होणारे हे एकच माणूस. काल सुशोभीकरणवाले आले. आतल्या संगमरवरी देवदूतांपुढे हळहळून झाल्यावर त्यांचे मुख्य साहेब माझ्याकडे वळले.

"हे काढा. सरकतं दार बसवू. इथे गाड्या लागतील."

"साहेब, कवाड हलवू नका," म्हातारी म्हणाली. "मागे माझी आत्या आहे."

त्यांनी वाकून पाहिले. "इथे तर काहीच नाही, आजी."

"एक दगडसुद्धा ठेवू दिला नाही तेव्हा. म्हणून तर कवाड उघडं ठेवलं."

"अहो, आतल्या एवढ्या कबरी जपतोय ना आम्ही?"

"आतल्यांच्या वाटेला कोण जातंय, साहेब?"

साहेबांनी घड्याळ पाहिले आणि ते गेले.

उद्या मला कापायला माणसे येणार. मला रंगवा, मला जपा, असले रडगाणे मी गाणार नाही. खुशाल भंगारात घाला. पण गाडी लावताना भिंतीपासून दोन हात जागा सोडा. तुम्ही सोडणार नाही, हे मी ओळखून आहे. तीही ओळखून आहे. तिने आपली खुर्ची आजच कवाडाशेजारी, त्या जागेच्या पुढ्यात आणून ठेवली आहे. मी गेल्यावर तिला "आजी, जरा उठा" एवढे मात्र म्हणू नका.