दोघांतला एक

मी एक जुने चांदीचे पदक आहे, मित्रांनो. माझ्या एका अंगाला इंग्रज बादशहाची छाप आहे आणि कडेवर बारीक अक्षरांत शिपाई येसाजीचे नाव कोरले आहे. टाकसाळीत माझ्यावर ठसा उमटला आणि मी मखमली डबीतून, आगबोटीने कोकणात आले.

१९२१ साली बोर्ली पंचतनला माझ्यासाठी मांडव घातला होता. पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडच्या लढाईत येसाजीने भर गोळीबारातून एका जखमी सोबत्याला पाठीवर टाकून खंदकात आणले होते. त्या शौर्याबद्दल कलेक्टरसाहेबांनी मला त्याच्या छातीवर टाचले. टाळ्या वाजल्या. त्याची नजर मात्र बायकांत बसलेल्या नीराबाईंवर होती. नीराबाई त्याच्याच गावच्या. त्यांचा मुलगा बाबाजी त्याच लढाईत मारला गेला होता. घरी परतल्यापासून येसाजी त्यांच्या दारावरून जायचे टाळत असे.

साहेब खाली बसले आणि नीराबाई उठल्या.

"येसू, तू आणलास तो कोण?"

"दिवेआगरचा हमदुल्ला, काकी."

"आनि माझा बाबाजी कुठं व्हता?"

"त्याच्या बाजूलाच."

पाटलांनी नीराबाईंना बसायची खूण केली. त्या हलल्या नाहीत.

"मग त्याला का न्हाय उचललास?"

"दोघं जिते व्हते, काकी. मला एकच झेपत व्हता. हमदुल्ला हाताशी आला, त्याला घेतला. बाबाजीला म्हटलं, आलोच. परत गेलो मी, पण तवर सगळं संपलं व्हतं."

नीराबाई पुढे आल्या. आता त्या मला ओरबाडून काढणार, असे मला वाटले. पण त्या येसाजीच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"परत गेला व्हतास?"

"व्हय."

"येवढं तरी सांगायचंस. मला वाटायचं, त्याच्याकडं कुनी वळून बगितलंच न्हाय."

एवढे बोलून त्या मांडवाबाहेर पडल्या.

महिन्याभराने येसाजीने मला खिशात घातले. लंगडणाऱ्या हमदुल्लाला सोबत घेऊन तो नीराबाईंच्या पडवीत आला आणि त्याने मला त्यांच्यापुढे ठेवले. दार अर्धेच उघडे होते. हमदुल्ला मान खाली घालून उभा होता. नीराबाईंनी पाण्याचा तांब्या बाहेर आणला आणि आधी हमदुल्लाच्याच हातात दिला.

"पदक मला नको," त्या येसाजीला म्हणाल्या. "तुमी दोघं येत जा."

ते येत राहिले. पावसाआधी नीराबाईंचे छप्पर दोघे मिळून शाकारत. मी येसाजीच्या पेटीत काळवंडत पडले, आणि मला त्याचे वाईट वाटले, हे खरेच.

मित्रांनो, तुमच्या घरी असे पदक असेल तर ते घासूनपुसून जपा. पण ते ज्याला मिळाले, त्याच्याजवळही थोडे बसा. त्याला बोलायला वेळ लागेल. लागू द्या.