‘ईशानी की मम्मी’ला कुणी विचारलं होतं?

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझा जन्म झाला. शनिवार होता. फोनच्या कोपऱ्यातच घड्याळ असतं, त्यामुळं वेळ चुकायचा प्रश्नच नाही.

मी एक हीलर बोलतेय. फोनवरच्या खेळातली बाई. अंगात पांढरा झगा, हातात काठी, काठीच्या टोकाला हिरवा दिवा. लढाईत कुणाला लागलं की त्याच्यावर दिवा धरायचा, मग त्याची जखम भरते. तलवार नाही, धनुष्य नाही, मारायला साधा दगड नाही. आणि मी चिडलेली आहे, हे आधीच सांगून ठेवते. गोड गोड ऐकायचं असेल तर शाळेच्या वहीतलं फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त वाचा.

मला बनवलं आशिषनं, पण स्वतःसाठी नाही. बायकोसाठी, तिच्या फोनमध्ये. झाशीच्या बडा बाजारामागच्या गल्लीत त्यांचं घर. बायको अनुया तेव्हा लेकीला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होती. पडद्यावर आम्ही सगळे रांगेत उभे होतो, बाजारातल्या बाहुल्यांसारखे. तलवारवाला, ढालवाला, मांत्रिक, चोर. अनुयानं मान वाकडी करून बघितलं.

“ती कोण हो? लांडगा घेतलेली?”

“ती शिकारीण. ती एकट्यानं खेळणाऱ्यांची, तिला सोड. आमच्या टीमला हीलर पाहिजे. तुला काही करायचं नाही गं, नुसतं मागं उभं राहून आमच्याकडे लक्ष ठेवायचं.”

“मग घरात मी वेगळं काय करते?”

आशिष हसला. ती विनोद करत नव्हती, पण तो हसला.

“नाव काय टाकू?” असंही विचारलं त्यानं. ती लेकीचं तोंड पुसून उत्तर देणार, तेवढ्यात टाकूनही झालं होतं: ईशानी की मम्मी. लेकीचं नाव ईशानी. “मस्त आहे ना?” म्हणाला. अनुया माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. आम्हाला दोघींनाही कुणी विचारलं नव्हतं.

अनुया झाशी जिल्ह्यातल्या गुरसरायची. सातवीनंतर तिची शाळा सुटली. मराठी-हिंदी वाचते, पण इंग्रजी शब्द जुळवायला वेळ लागतो. खेळातली बटणं इंग्रजी, म्हणून ती रंगांवरून शिकली. हिरवं बटण म्हणजे जखम भरणं, निळं म्हणजे सगळ्यांची एकदम भरणं. फार लवकर शिकली. याचं कौतुक कुणी केलं नाही, म्हणून मी करते.

आमच्या टीममध्ये आशिष, त्याचा चुलतभाऊ मंदार आणि मंदारचे दोन दोस्त. मंदार जवळच्या बबीनाला छावणीच्या बाजारात दुकानात बसतो, दोस्तही तिथलेच. रोज दिवेलागणीला हे चार बाप्ये कानात इयरफोन घालून माझ्या नावानं शंख करायचे.

“मम्मी, हील!”

“मम्मी, इधर देखो इधर!”

“अरे मम्मी सो गई क्या?”

दाढीमिशा आलेली माणसं. जिंकलो की “वा दादा, काय तलवार फिरवलीस!” आणि हरलो की “हीलर कुठं होती?” मी कुठं असणार? मागं उभी होते, लक्ष ठेवत.

दुपारी मात्र ईशानी झोपली की अर्धा तास अनुयाचा असायचा. तेव्हा ती मला एकटीला गावाबाहेर न्यायची. खेळात एक तळं आहे, त्याच्या काठी जांभळी फुलं. तिला ती तोडायची असत. पण वाटेत एक रानडुक्कर होतं. ते मला ढुशी मारायचं, मी माझी जखम भरायचे. मग मी काठीनं टोचायचे, तर त्याला गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं. पुन्हा ढुशी. ना ते मरायचं, ना मी. एके दुपारी आमचं हे इतकं लांबलं की दूध उतू जाऊन गॅस विझला. अनुयानं फोन आपटला. मलाही रडू येत होतं. सगळ्या जगाच्या जखमा भरणारी बाई, आणि स्वतःच्या पायानं तळ्यापर्यंत जाऊ शकत नाही!

आता त्या संध्याकाळचं सांगते.

ईशानी नऊ महिन्यांची असताना तिला तापात झटका आला होता. अंग ताठ झालं, डोळे वर गेले. डॉक्टर म्हणाले, काही मुलांना येतो, मोठी झाली की थांबेल, पण ताप चढू देऊ नका. तेव्हापासून अनुयाचा हात सारखा पोरीच्या कपाळावर. पोरगी झोपली तरी, हसली तरी, जास्त वेळ गप्प बसली तरी. घरातले तिला हसायचे. “थर्मामीटर झालीय नुसती,” आशिष म्हणायचा.

त्या संध्याकाळी सासूबाई, शकुंतलाबाई, देवळात गेल्या होत्या. आशिष पुढच्या खोलीत खेळत होता, अनुया मागच्या. मध्ये एक पडदा. खेळात समोर मोठा राक्षस, सगळे घायाळ.

“अहो, ईशानी गरम लागतेय.”

“दोन मिनिटं! अर्धा झालाय तो.”

“मी उठते.”

“उठलीस तर सगळे मरतील! गेल्या खेपेला पण तुझ्यामुळंच गेलो.”

इयरफोनमधून मंदार: “वहिनी, प्लीज. एवढ्यासाठी नका ना जाऊ.”

ती बसली. तिचा अंगठा हिरव्या बटणावर होता आणि डोळे अंथरुणावर. मी दिवा धरत होते. याच्यावर, त्याच्यावर, पुन्हा याच्यावर. कसल्या जखमा त्या? रंगाचे ठिपके! आणि हातभर अंतरावर खरं लेकरू तापत पडलेलं. काठी मोडून टाकावीशी वाटली मला. पण अंगठा दाबला की मला दिवा धरावाच लागतो.

राक्षस पडला. पुढच्या खोलीतून टाळी ऐकू आली. अनुया फोन टाकून पोरीकडे झेपावली. पोरीचं अंग तव्यासारखं, डोळे अर्धे उघडे. औषध, ओल्या पट्ट्या, पाठीवरून हात, “ईशू, ए ईशू, बघ ना इकडे.” आशिष पडदा सारून आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अजून जिंकल्याचं हसू होतं.

“काय झालं?”

अनुयानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

झटका आला नाही. ताप उतरला. पण आला असता तर? बाप पडद्यापलीकडे होता. त्याला दोन पाय होते. तो का उठला नाही, हे त्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही. मी विचारतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुयानं खेळातल्या अनोळखी लोकांना विचारावं म्हणून हिंदीत एक वाक्य लिहिलं. प्रत्येक अक्षर शोधून शोधून. “ऐसा कौन सा किरदार है जिसमें बीच में उठ जाओ तो कोई मरे नहीं और कोई चिल्लाए नहीं? घर में छोटी बच्ची है।”

आणि घाईत ते आमच्याच टीमच्या गप्पांच्या चौकटीत गेलं.

एका दोस्तानं लिहिलं, “भाभीजी, ये तो अपनी ही पार्टी है, हा हा।” दुसरा जरा बरा निघाला, त्यानं ती लांडगा घेतलेली शिकारीणच सुचवली: “हंटर ले लो भाभीजी। मार भेड़िया खाएगा, आप दूर से तीर चलाना। बच्ची रोए तो फ़ोन रख देना, किसी का कुछ नहीं बिगड़ेगा।” आणि मंदारनं आशिषला फोन लावला, “दादा, वहिनी टीम सोडतायत!” जणू वहिनी घर सोडून चालली होती.

रविवारी मंदार जेवायलाच आला. सगळे पानावर बसले, शकुंतलाबाई पुऱ्या तळत होत्या. फोन फळीवर होता, मला सगळं ऐकू येत होतं.

“वहिनी, असं करू नका. हीलरशिवाय टीम फुटेल.”

“फुटू दे,” अनुया म्हणाली.

“बघ आई,” आशिष म्हणाला, “ही मध्येच उठून जाते आणि आम्ही सगळे मरतो.”

कढईवरचा झारा थांबला. “मरता म्हणजे?”

“खेळात गं.”

“मग तसेच पडून राहता?”

“नाही, गावात परत उठतो.”

“उठता ना? मग उठा की. एवढी बोंब कशाला?”

मंदारला जोराचा ठसका लागला. आणि आमच्या अनुयानं काय केलं असेल? चटकन उठून त्याला पाणी दिलं. असा राग आला मला तिचा!

जेवणं झाल्यावर तिनं फोन हातात घेतला. या खेळात एका खात्यात एकालाच जागा. शिकारीण आणायची तर मला पुसायला हवं. तुम्हाला वाटेल मी घाबरले. छे! दाब बाई, दाब, असंच म्हणत होते मी. चार बाप्यांच्या मागं उभं राहण्यापेक्षा नसलेलं बरं.

पण खेळ असा सहजासहजी सोडत नाही. खात्री म्हणून नाव लिहायला लावतो. चौकट उघडली. वर लाल अक्षरांत सूचना: खाली लिहिलेलं नाव कायमचं मिटवलं जाईल.

अनुयानं ‘ई’ लिहिलं आणि तिचा हात थांबला.

“मी नाही लिहिणार.”

“आता काय झालं?”

“लेकीचं नाव लिहून मिटवू मी? परवाच एवढी तापली होती.”

आशिष हसला. “अगं, खेळ आहे तो! क्या अनपढ़ों जैसी बात करती हो।”

ते ‘अनपढ़’ मंदारसमोर, सासूसमोर. अनुयाचे कान लाल झाले. तिनं आवाज चढवला नाही. फोन त्याच्या पुढ्यात ठेवला.

“तुम्ही शिकलेले आहात. नाव तुम्हीच ठेवलंत. तुम्हीच लिहा.”

“आण इकडे.”

त्यानं ‘शा’ लिहिलं. ‘नी’ लिहिलं. आता चौकटीत पूर्ण ‘ईशानी’ उभी होती, वर ती लाल ओळ. चटईवर पोरगी झोपेत खोकली. एकदाच, कोरडं. आशिषचा अंगठा तिथंच राहिला. मी खालून बघत होते त्याचा चेहरा. हसू पार गेलं होतं. त्यानं मुकाट्यानं अक्षरं मागं घेतली, एक एक करून.

“राहू दे. नंतर बघू.”

“का? खेळच आहे ना?”

मंदार उगीच पंख्याकडे बघायला लागला.

“मग तुमचा फोन द्या,” अनुया म्हणाली.

आशिषच्या फोनमध्ये त्याचा तलवारवाला. नाव ‘झाँसी का शेर’. सोन्याचं चिलखत, पाठीवर तांबडा शेला.

“शेर? वेडी झालीस का? दोन वर्षं लागलीत त्याला वाढवायला!”

“ईशानी दीडच वर्षाची आहे.”

शकुंतलाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, “दे रे. तुझा शेर काही कुणाच्या पोटचा नाही.”

त्यानं फोन दिला. तोंड असं केलं होतं जणू किडनी देतोय. अनुयानं ‘झाँसी का शेर’ लिहिलं, सावकाश, चंद्रबिंदूसकट, एकही अक्षर न चुकता. आणि दाबलं. सोन्याचं चिलखत धुरासारखं विरलं. त्या जागी तिनं शिकारीण उभी केली, शेजारी करडा लांडगा. नाव विचारल्यावर तिनं कुणाकडे बघितलं नाही. स्वतःचं टाकलं: अनुया.

मग खात्यांची अदलाबदल झाली. शेराचं खातं अनुयाच्या फोनमध्ये गेलं आणि माझं आशिषच्या फोनमध्ये. टीमला हीलर हवीच होती, आणि त्याच्याकडे आता माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तर सध्या मी तिथं आहे. दिवेलागणीला आशिष मला घेऊन बसतो. “मम्मी, हील!” मंदार ओरडतो. “अरे देतोय ना!” आशिष ओरडतो. निळं आणि हिरवं बटण अजून उलटंसुलटं दाबतो. अनुयाला हे शिकायला फार वेळ लागला नव्हता, हे मी त्याला सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. परवा ऐन लढाईत ईशानी रडली. अनुया वर गच्चीवर पापड उचलत होती. तिथूनच म्हणाली, “बघा हो जरा.” आशिषनं राक्षसाकडे बघितलं, मधल्या पडद्याकडे बघितलं. आणि उठला. इकडे तिघं मेले, मी पण मेले. बबीनावाल्यांनी काय काय शिव्या घातल्या ते मी इथं बोलणार नाही.

अनुयाची शिकारीण मला क्वचित दिसते, लांबून. तळ्याकाठी असते. कधीकधी डुकरासमोरच एकदम स्तब्ध उभी राहते, बाणसुद्धा सोडत नाही. तेव्हा मी समजते, पोरगी जागी झालीय. लांडगा एकटा लढतो. कधी जिंकतो, कधी दोघं पडतात. कुणी ओरडत नाही.

यानं माझा राग गेला असं समजू नका. एकदा उठला म्हणून आशिषला मी ओवाळणार नाही. त्या तापाच्या संध्याकाळची ती दोन मिनिटं मला अजून कुणी भरून दिलेली नाहीत.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या ओळखीत कुणी खेळत असेल, आणि बायकोला, बहिणीला, वहिनीला “तू हीलर हो, तुला काही करायचं नाही” असं म्हणत असेल, तर त्याला माझा निरोप द्या. आधी तिला रांगेतले सगळे दाखव. कुठली हवी ते तिला विचार. नाव तिला ठेवू दे. आणि खेळता खेळता पोर रडलं तर आधी तू ऊठ. निरोप एकाला देऊन थांबू नका, पुढं पाठवा, बबीनाच्या त्या दोघांपर्यंत जाऊ दे. आणि देताना आवाज चढवून द्या. त्यांच्या कानात इयरफोन असतात.