लड्डूचा धडधाकट पाय

आमचा लड्डू लंगडत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे खोटं बोलायची पाळी यायची नाही. पांढरा पामेरियन, चारही पाय ठणठणीत, रायपुरातल्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या मांजरांचा काळ. पण मंत्रालय नव्या रायपूरला गेलं आणि साहेब लोक पास काढून भेटायचे देव झाले. माझ्यासारख्या रेल्वेतून रिटायर झालेल्या बाबूला तो पास कोण देणार?

माझी मुलगी अनुश्री तीन वर्षांपासून लांब बस्तरच्या जंगलात, बिजापूरकडच्या एका शाळेत मास्तरीण आहे. तिची चार वर्षांची पोरगी आमच्याजवळ वाढते आणि इंदूला, म्हणजे माझ्या बायकोला, आई म्हणते. अनुश्री सुटीत आली की पोरगी तिच्यापुढे पाहुणीपुढे बसावं तशी गप्प बसते. ते मला बघवत नाही. अनुश्रीची बदली रायपूरला व्हावी, एवढंच मला हवं होतं.

आणि एक दिवस कळलं, की तिच्या खात्यातल्या बदल्या ज्यांच्या हातात आहेत ते साहेब दर मंगळवारी संध्याकाळी समता कॉलोनीत येतात. त्यांच्या ब्रूनोच्या, म्हणजे लॅब्रडॉरच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि निधी नावाची एक मुलगी तिथे कुत्र्यांची फिजिओथेरपी करते. साहेब जवळ नसले तर ब्रूनो टाकीतल्या पाण्यात पाय ठेवत नसे, म्हणून साहेब जातीने हजर.

मी लड्डूच्या मागच्या पंजाखाली चिकटपट्टीचा तुकडा लावला. तो लगेच तीन पायांवर चालू लागला.

निधीने पहिल्याच दिवशी ती पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. घरची मराठी, पण बोलणार हिंदीत. "अंकल, मंगलवार को जितने कुत्ते लंगड़ाते हैं ना, बुधवार को सब ठीक हो जाते हैं." एवढं म्हणून तिने लड्डूला कोमट पाण्यात उतरवलं.

खोटं नव्हतं ते. बाकावर चार-पाच जण असायचेच. एकाने तर पंडरी बाजारातला रस्त्यावरचा कुत्रा नवा पट्टा बांधून आणला होता, आणि तो कुत्रा त्यालाच चावायला बघत होता. साहेब दिसले की सगळ्यांच्या खिशातून अर्ज बाहेर. साहेबांचं तोंड कडू व्हायचं. मी मात्र ठरवलं, आधी ओळख, मग काम. पस्तीस वर्षं ऑफिसात घासली, एवढी अक्कल तर आलीच होती.

"काहून थांबून राहिले? बोलून टाका न एकदाचं," इंदू दर मंगळवारी म्हणायची.

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं नाही करायचं. तुले नाही समजत."

साहेब अमरावतीकडचे निघाले. मी ब्रूनोच्या पोटाखाली टॉवेलची झोळी धरू लागलो, साहेब मला त्याच्या पोटाच्या तक्रारी सांगू लागले. तीन महिने असे गेले. मग एकदा ते म्हणाले, "यशवंतराव, या शहरात जो तो माझ्याकडे काही मागायलाच येतो. तुम्ही एकटेच फक्त कुत्र्यासाठी येता."

अख्ख्या नोकरीत कुठल्या साहेबाने मला इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. मी विरघळलो.

"मुलंबाळं?" त्यांनी विचारलं.

"एक मुलगी आहे. अनुश्री. बिजापूरकडे शिक्षिका आहे, तुमच्याच खात्यात."

"तिला काही अडचण?"

हीच ती वेळ होती. आणि मी मूर्ख, छाती फुगवून म्हणालो, "अडचण कसली साहेब! सरकारी नोकरी. जिथं पाठवलं तिथं राहायचं."

साहेबांचे डोळे पाणावले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस आपला झाला. पुढच्या मंगळवारी सांगू.

पुढच्या मंगळवारी ब्रूनो व्यायामासाठी जमिनीवर आडव्या मांडलेल्या सगळ्या नळ्या न अडखळता ओलांडून गेला. "हो गया सर, अब आने की जरूरत नहीं," निधी म्हणाली. 'साहेब, एक छोटीशी विनंती होती' हे वाक्य मी तोंडात जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनीच माझा हात धरला.

"तुमच्या मुलीची फाइल मागवली मी. तीन वर्षांत बदलीचा एकही अर्ज नाही!"

अर्ज मीच करू दिला नव्हता. ओळख असल्याशिवाय अर्ज करू नये, असं मीच तिला शिकवलं होतं.

"अशी माणसं तिकडे पाहिजेत, यशवंतराव. त्याच शाळेची मुख्याध्यापिका केलंय तिला. आता पाच वर्षं तिला कोणी हलवणार नाही, तसं मी फाइलवर लिहून ठेवलंय. खूश?"

मी हात जोडले. ज्याने तीन महिने काही मागितलं नाही, त्याला आता नको म्हणायचीही सोय उरली नव्हती.

घरी इंदू दारातच उभी होती. "मागितलं काय आज?"

"नाही. त्यांनी न मागताच दिलं," माझ्या तोंडून गेलं, आणि पुढचं ऐकायला न थांबता ती देवापुढे साखर ठेवायला आत पळाली.