करमाडच्या फाटकावरचं मुंबई बंदर

"तुला पटायचं नाय, खुद्द मुंबईतबी कुणाला पटत नाय, पण मुंबईचं बंदर मी मोठं केलं," असं म्हणत मल्हारराव फाटकाजवळच्या दगडावर बसले, तेव्हा वाचमन रामकिसनला हसू आवरेना.

तो हसला, तिथंच मल्हाररावांचं अर्धं काम झालं. करमाडच्या त्या कंटेनर यार्डाची भिंत मेंढरांच्या जुन्या वाटेवर आडवी उभी राहिली होती आणि पाझर तलाव पडला भिंतीपल्याड. यार्डातून सरळ गेलं तर पाचशे पावलं. वळसा घातला तर जालना रोडनं चार मैल, ट्रकांच्या धुरळ्यातून, वैशाखाच्या उन्हात, तेही चार दिवसांची कोकरं घेऊन. साठ मेंढरं जिभा काढून फाटकासमोर उभी होती. मागून त्यांची बायको बानाबाई बिऱ्हाड लादलेली घोडी घेऊन येत होती.

रामकिसन पिशोरचा, कास्तकाराचा पोरगा. त्याच्या बापाच्या वावरात हेच आप्पा मेंढरं बसवायचे आणि खतासोबत गोष्टी फुकट द्यायचे. त्यात यार्डाचे साहेब शहरात जेवायला गेले होते.

"असं करू आप्पा," तो म्हणाला. "तुम्ही सांगा. मी हे छोटं दार उघडतो, मागचं फाटक तलावाकडं उघडंच हाये. एकेक मेंढरू जाऊ द्या. पण खोटं मी पकडो नायतर दुसरं कुणी, पकडलं की दार बंद. मग आत ते आत, बाहेर ते बाहेर."

"मंजूर," मल्हारराव म्हणाले आणि त्यांनी शीळ घातली. पहिली मेंढी आत शिरली.

"निजामावरच्या पोलीस ॲक्शनला बारा वर्सं झाली व्हती. एका कप्तानाला घोंगडी पाहिजे व्हती, दर्यावर लई गारठा. म्हणून मी घोडीसकट कसाऱ्याच्या घाटानं मुंबईला उतरलो. बघतो तर इंग्रज गेला, पण बंदर तसंच. एकेक गोणी हमालाच्या पाठीवर. जहाजातून गोदीत, गोदीतून गोदामात, तिथून गाडीत. दर ठिकाणी सोडा, परत बांधा. जहाज इतकं ताटकळायचं की खलाशांना दाढ्या यायच्या. मी गोदीच्या साहेबाला म्हणलं, आमच्या घोडीवरचं बिऱ्हाड बघ. जातं, भांडी, अंथरूण, कोंबडी, समदं एकदाच बांधतो. नदी येवो, घाट येवो, गाठ मुक्कामालाच सुटते. तुझं जहाज म्हणजे तरी काय, मोठी घोडीच की."

"साहेबाला मराठी येत व्हती?" रामकिसननं दाराला हात लावला. चाळीस मेंढरं अजून बाहेर होती.

"नाय. पण क्रेनवाला खुलताबादचा व्हता. मी त्याच्याशी दख्खनीत बोललो, तो साहेबाशी इंग्रजीत."

रामकिसननं हात काढला. खुलताबादचं माणूस कुठंही भेटू शकतं, एवढं त्याला मान्य होतं.

"क्रेननं आमचं बिऱ्हाड अलगद उचललं अन् जहाजात ठेवलं. जहाज एडनला जाऊन आलं. महिन्यानं गाठ सोडली तर कोंबडी आठ पिलं घेऊन बाहेर."

"महिनाभर खाल्लं काय तिनं?"

"बाजरी आतच व्हती. बिऱ्हाड म्हणलं मी, गाठोडं नाय."

"अन् पाणी?"

"मडकं काय रिकामं बांधतात का?"

मल्हाररावांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. दहाच मेंढरं उरली होती, पण घोडी अजून बाभळीपाशीच. घोडी बाहेर राहिली तर तिच्या पाठीवरच्या जाळीतली कोकरंही बाहेर. त्यांनी गोष्ट लांबवली.

"मग साहेबानं लोखंडाची बिऱ्हाडं करून घेतली. ही तुझ्या मागं रचलीत ना, तीच. महिन्याचं जहाज दिवसात मोकळं व्हायला लागलं. चीन आला, जर्मनी आला, आफ्रिका आली. ज्या बंदरातून इंग्रज आपला कापूस उचलून न्यायचा, तिथं समद्या जगानं दुकान मांडलं. राहायला जागा पुरंना म्हणून माणसं एकमेकांच्या डोक्यावर घरं बांधत सुटली. अन् शेवटी बंदरच मला हुडकत करमाडला आलं. समुद्र तेवढा आणता आला नाय त्याला."

रामकिसन वळून रचलेल्या कंटेनरांकडे पाहत राहिला. लाल, निळे, परक्या अक्षरांचे. बघता बघता त्याला ती खरंच कुणाचीतरी बिऱ्हाडं वाटायला लागली. शेवटची मेंढी आत गेली. मागोमाग बानाबाई घोडी घेऊन दारात आली.

"बाकी समदं पटलं आप्पा," रामकिसन म्हणाला. "एवढंच सांगा, ते पहिलं बिऱ्हाड बांधलं कुणी?"

"मी. या हातानं. अकरा गाठी मारल्या."

दारातच बानाबाईचे पाय थांबले. मल्हाररावांनी तिच्याकडे हात जोडल्यासारखं पाहिलं. तिनं लगाम ओढला, घोडी शेपटासकट आत घेतली, जाळीतल्या कोकरांवरून हात फिरवला आणि मग सावकाश मागं वळली. आपण अजून बाहेरच दगडावर बसलोय, हे मल्हाररावांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"खोटं," बानाबाई म्हणाली. "पन्नास वर्सं बिऱ्हाड मी बांधते, ह्यांना धोतराशिवाय गाठ मारता येत नाय. लाव रं रामकिसन दार."